खजुरीची ओटी

जळोचीत पिंजाऱ्यांचं घर विचारलं, तर कुणी गल्ली-नंबर सांगत बसत नाही. "खजुरी दिसंल तितं वळा," एवढंच सांगतात. विचारणारा मग आणखीच गोंधळतो, कारण जळोचीत जिकडं बघावं तिकडं खजुरी. पाण्याच्या टाकीपाशी एक, शाळेच्या फाटकाशी एक, मशिदीच्या हौदाजवळ एक, आणि नव्या प्लॉटिंगमधल्या बंगल्यांच्या पोर्चपुढं तर ओळीनं उभ्या. या सगळ्या एकाच आईच्या लेकी, आणि ती आई अल्लाबक्ष पिंजाऱ्याच्या परड्यात मोरीच्या कडेला उभी आहे, असं सगळं गाव मानत होतं. सत्तरीला टेकेपर्यंत अल्लाबक्षही तेच मानत होता.

ती खजुरी लावली रशीदानं, म्हणजे अल्लाबक्षच्या बायकोनं. पंचवीसेक वर्षं झाली असतील. अल्लाबक्षची आई हज करून आली, तेव्हा तिच्या पिशवीत जमजमचं पाणी होतं, तसबीच्या माळा होत्या आणि खजुरांचा एक डबा होता. गल्लीभर वाटायचे असल्यामुळं घरातल्यांच्या वाट्याला माणशी एकच खजूर आला. रशीदा तेव्हा चाळिशीची, दोन लेकरांची आई, पण सासूपुढं शेवटी सूनच. तिनं खजूर खाल्ला आणि बी टाकून न देता गालात धरून ठेवली. भाकरी थापताना, उशांच्या खोळी शिवताना, धुणं वाळत घालताना बी आपली गालातच. सासूनं हाक मारली, तर हिला ओ देता येईना. "बोलत का न्हाईस? मूग गिळलंस का?" म्हणत म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं. काय झालं बघायला अल्लाबक्ष आत आला, तेव्हा रशीदानं सासूची नजर चुकवून बी तळहातावर काढून दाखवली आणि दोघांनाही हसू आवरेना. संध्याकाळी तिनं ती बी मोरीच्या तोंडाशी पुरून टाकली.

बी रुजली. दोन-तीन वर्षांत झाड गुडघ्याएवढं झालं, पुढं छातीला लागलं, आणि मग बुंध्याभोवती पिलं फुटायला लागली. आधी एक, मग चार, मग तर आईच दिसेना. आमच्या भागात ओढ्याकडेला शिंदी मोप, पण खजुरी दारात कुणी लावलेली नव्हती, त्यामुळं सल्ला द्यायला सगळे मोकळे होते. कुणीतरी म्हणालं, पिलं आईचं सत्त्व खातात, ती काढा म्हणजे आईला फळ धरेल. रशीदाला ते पटलं. फळ तिला हवंच होतं. त्या डब्यातला एक खजूर खाऊन तिचं मन भरलं नव्हतं, आणि आपल्या दारचा खजूर आपल्या हातानं रोजेदारापुढं ठेवायचा, हे तिनं मनाशी धरलं होतं.

पिलू काढायची तिची एक रीत होती. मनगटाएवढं जाड झाल्याशिवाय ती त्याला हात लावू देत नसे. आधी बुडाशी पाणी सोडायचं, माती मऊ झाली की कुदळीनं हळूहळू उकरायचं, आणि पिलाला स्वतःची पांढरी मुळं फुटलेली दिसली तरच पहार घ्यायची. दिसली नाहीत तर माती परत लोटून "अजून आईच्या अंगावर हाय" म्हणत ती आलेल्या माणसाला परत पाठवायची. तुटलेल्या जागी दोन्हीकडं राख फासायची. मुळाला ओला कापूस गुंडाळायची आणि पानं गादीच्या पट्टेरी कापडाच्या चिंध्यांनी बांधायची. नवऱ्याचा धंदा गाद्या-उशांचा असल्यामुळं कापूस आणि पट्टेरी कापड यांना घरात तोटा नव्हता. असं पट्टेरी फेटा बांधलेलं पिलू सायकलवरून चाललं की लोक ओळखायचे, रशीदाची लेक चालली.

पैसे ती घेत नसे, पण फुकटही देत नसे. पिलू नेणाऱ्यानं आपल्या दारची मूठभर माती आणायची आणि पिलू निघालं त्या खड्ड्यात आपल्या हातानं टाकायची. "खड्डा रिकामा ऱ्हायला की आईला कळतं, लेक गेली," ती म्हणायची. त्यामुळं शाळेच्या शिपायापासून बंगलेवाल्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी या परड्यात माती आणून टाकली. मॅडमनी तर प्लास्टिकच्या डब्यात आणली होती, चाळून. खजुरीच्या बुडाशी सगळी जळोची अशी मुठीमुठीनं गोळा झाली.

पहिली लेक गेली ती भिंतीपलीकडं, ठमाबाईकडं. ठमाबाई म्हणजे अल्लाबक्षची शेजारीण, रशीदाची जिवाभावाची मैत्रीण आणि तक्रारीत गावात पहिला नंबर. पिलू लावल्यापासून तिनं रशीदाला सुखानं बसू दिलं नाही. "तुझी लेक नुसती वाढतिया गं. माझ्या दारात सावली न्हाय, फळ न्हाय, नुसतं काटं." रशीदा म्हणायची, "आईला येऊ दे, मग लेकीला येतंय."

आणि एका वर्षी, थंडी सरता सरता, आईच्या पानांच्या बेचक्यातून तपकिरी रंगाचं जाडजूड म्यान बाहेर आलं. ठमाबाईनं ते भिंतीवरून पाहिलं आणि ज्वारी बघणाऱ्या बाईला शोभेल असं निदान केलं, "पोटऱ्यात आलीया." झालं. पोटुशी बाई दारात असताना तिची ओटी भरायची नाही, हे ठमाबाईला सोसणारं नव्हतं. रशीदा आधी म्हणाली, "आमच्यात असलं न्हाय बाई. तू भर, मी बघते." पण नारळ, खण, हळकुंड घेऊन ठमाबाई आली, तेव्हा आयत्या वेळी रशीदाच आत पळाली आणि हिरव्या बांगड्या घेऊन आली. खजुरीच्या हात कुठला, म्हणून बांगड्या बुंध्यावरच्या लांब काट्यांत अडकवल्या. खण बुंध्याला बांधला. अल्लाबक्ष दारात बसून बघत होता. दोन बायका झाडापुढं वाकून गंभीर तोंडानं ओटी भरतायत, हे बघून त्याला हसू येत होतं, आणि रशीदा इतकी खुशीत त्यानं फार दिवसांत पाहिली नव्हती.

म्यान फुटलं. आत पांढऱ्या फुलांचा गच्च झुबका निघाला, ओल्या कणकेसारखा वास सुटला, वारा आला की पीठ उडायला लागलं. मग फुलं वाळली आणि गळून गेली. फळ नाहीच.

दरवर्षी तेच. रशीदानं बुडाशी मीठ घातलं, शेळीच्या लेंड्या घातल्या, मासळीचं पाणी ओतलं. शेवटी एका वर्षी दोघींनी झाडाला कुऱ्हाड दाखवली. ही पद्धत आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. रशीदानं कुऱ्हाड बुंध्याला टेकवून विचारलं, "फळ देतीस का तोडू?" आणि ठमाबाई झाडाच्या वतीनं हात जोडून म्हणाली, "नको बाई, तोडू नको, पुढल्या साली देईल, मी जामीन हाय." त्याच दिवशी संध्याकाळी, कुऱ्हाड जिथं टेकली होती तिथं रशीदा हळद लावताना अल्लाबक्षला दिसली. साल खरवडलीसुद्धा नव्हती, तरी लावत होती.

ठमाबाईचा जामीन काही कामाला आला नाही. पिलं जात राहिली, माती येत राहिली, लेकींना लेकी झाल्या आणि वाट बघणाऱ्यांची संख्या तेवढी वाढत गेली. रस्त्यात भेटेल त्याला रशीदा विचारायची, "तुमच्या खजुरीला आलं का काय?" जणू सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तसं. सगळ्यांचं उत्तर एकच असायचं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात रशीदा दवाखान्यात पडली ती उठलीच नाही. शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नव्हती. एका दुपारी तिनं अल्लाबक्षचा हात धरला आणि म्हणाली, "अवो, खजूर आला की पयला घरात खाऊ नगा. कुनाचा तरी उपास सोडवा. माझ्या नावानं." अल्लाबक्ष म्हणाला, "व्हय." आणखी पुष्कळ बोलायचं त्याच्या मनात होतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, पण तेवढ्यात नर्स आली आणि बोलणं तिथंच राहिलं. पुढं एकट्यानं बसला की त्याला तो "व्हय" आठवायचा. बायकोशी आपलं शेवटचं बोलणं तेवढंच झालं, आणि तेवढं तरी खरं व्हावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

घरात तसं कमी काही नव्हतं. मुलगा फिरोजनं बारामतीत दुकान मोठं केलं होतं, कापूस पिंजायला यंत्र आणलं होतं, सूनही चांगली होती. अल्लाबक्षची पिंजण भिंतीला टांगलेली असायची आणि अल्लाबक्ष परड्यात. मोरीचं पाणी खजुरीकडं वळतंय की नाही बघायचं, वाळलेली पानं काढायची आणि वर बघत बसायचं. आता आईला पिलं येणंही थांबलं होतं. शेवटचं एक बुंध्याला चिकटून होतं आणि ते त्यानं कुणाला दिलं नव्हतं. मागणाऱ्यांना तो "अजून आईच्या अंगावर हाय" असं सांगायचा, जरी त्याची मुळं त्यानं स्वतः उकरून बघितली होती.

पुढल्या रमजानमध्ये खजुरी पुन्हा फुलली आणि त्याच आठवड्यात फिरोज एका पाहुण्याला घेऊन आला. संभाजीराव म्हणून कळस गावचा बागायतदार. उसातलं थोडं रान मोडून त्यानं खजुराची बाग लावली होती. मुलीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला तो दुकानात आला आणि बोलता बोलता त्यानं आपलं दुखणं काढलं, की झाडं फुलावर आली आहेत पण आयत्या वेळी घोळ झालाय. फिरोज सहज म्हणाला, "आमच्याकडं बी एक हाय, फुलतिया पर फळत न्हाय. नुसतं पीठ उडतं." हे ऐकताच संभाजीराव गाद्या विसरून उभाच राहिला होता.

परड्यात येऊन त्यानं वर पाहिलं, बुंध्यावर टिचकी मारली आणि अगदी खूश होऊन म्हणाला, "चाचा, काम झालं बघा माझं. अस्सल नर हाय."

"काय हाय?" अल्लाबक्ष म्हणाला.

"नर. गडी. खजुरात नर येगळा अन् मादी येगळी. फळ मादीला, पीठ नराला. माजे दोन नर वठले, बाया पन्नास हायत अन् गडी एक न्हाय." संभाजीराव सांगत होता आणि त्याचा आनंद काही लपत नव्हता. "ह्येचं फूल मिळालं तर माजी बाग धरंल."

"फळ?" अल्लाबक्षनं विचारलं. "ह्येला कधी येनार?"

"ह्येला कसं यील वो? अन् ह्येची पिलं असतील ती बी नरच. पिलू आईवर... म्हंजी बापावर जातं." एवढ्यात त्याची नजर काट्यांत अडकवलेल्या बांगड्यांकडं गेली. हिरवा रंग फिका झाला होता, पण बांगड्या होत्या तिथंच होत्या. "अन् ह्या कुनी भरल्या ह्येला?" असं म्हणून तो जो हसायला लागला, तो पोट धरून हसला. माणूस वाईट नव्हता. कुणीही हसलं असतं.

अल्लाबक्षचा चेहरा मात्र उतरला. तो म्हणाला, "मला रोजा हाय, पावनं. चहाला थांबा म्हनता येत न्हाय. या तुमी." संभाजीराव ओशाळला, चपला घालून निघून गेला.

त्या दिवशी अल्लाबक्षला कशाचाच राग आवरेना. संभाजीरावाचा राग, झाडाचा राग, ज्यानं पिलं काढायला सांगितली त्याचा राग, आणि सगळ्यांत जास्त त्या "व्हय"चा. ज्या झाडाला फळ येणारच नव्हतं, त्याच्या फळाची त्यानं जबान दिली होती. मीठ, लेंड्या, मासळीचं पाणी, हळद, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं. इतकी वर्षं बिचारी कशाच्या पुढं हात जोडत होती, या विचारानं त्याला रडू यायला लागलं, आणि रोज्यात पाणी पिऊन ते गिळताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज झाल्यावर तो कबरस्तानात गेला. तिला सांगून टाकावं असं ठरवून गेला होता. कबरीपाशी बसला, फातेहा पढला, कबरीवरचं गवत काढलं. फिरोजच्या धंद्याचं सांगितलं, सुनेचा गुडघा दुखतोय ते सांगितलं. खजुरीचं मात्र तोंडातून निघेना. मेलेल्या माणसाला कसला धक्का बसायचा, पण त्याची जीभच वळेना. मग उठून तो लांबच्या रस्त्यानं घरी आला. वाटेत हौदाजवळची खजुरी, शाळेजवळची, टाकीजवळची, बंगल्यांपुढची, सगळ्या फुलल्या होत्या. सगळ्यांतून पीठ उडत होतं. सगळ्या जळोचीत एकजात गडी उभे होते आणि सगळं गाव त्यांच्याकडं फळ मागत होतं.

ठमाबाई अंगणात पापड वाळत घालत होती. त्यानं भिंतीपाशी उभं राहून तिला सगळं सांगितलं. ठमाबाईनं हातातला पापड खाली ठेवला.

"म्हंजी आमी गड्याची ओटी भरली?" ती म्हणाली.

"व्हय."

"खण बांधून?"

"बांगड्यासुदिक."

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, हे अल्लाबक्षला आधी कळेना. ती दोन्ही करत होती. "आगं रशीदा," ती झाडाकडं बघून म्हणाली, "आपुन त्येला कुऱ्हाड दावली गं. त्येनं काय करावं बिचाऱ्यानं." मग डोळे पुसून ती आपल्या दारच्या खजुरीकडं वळली. "तरीच ह्यो मुडदा नुसता वाढतोय."

अल्लाबक्षलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. "तिला मी शब्द दिलाय, ठमाबाई," तो म्हणाला. "पयला खजूर कुनाच्या तरी उपासाला द्यायचा. आता कुठनं आनू?"

ठमाबाईनं खाली ठेवलेला पापड उचलून उन्हात पसरला. मग ती म्हणाली, "त्यो कळसचा मानूस कशाला आलता?"

"फुलं मागायला. त्येच्या झाडास्नी."

"मंग त्येच्या झाडास्नी जे यील त्ये कुनाचं? लेकरू आईच्या कुशीतनं येतं, पर नाव बापाचंच लागतं न्हवं? माज्या तिन्ही पोरांना मी जनलं अन् नाव लागलं त्या दारुड्याचं. मंग हितंच का न्हाय लागत?" ती परत पापडांकडं वळली. "आन् त्यो मानूस हसला म्हनून काय झालं. आता मी न्हाय का हसली."

अल्लाबक्षनं घरात जाऊन फिरोजला फोन लावायला सांगितला. संभाजीराव त्याच दुपारी आला. फुलं वाळून गेली तर वर्ष हुकलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. चपला त्यानं या वेळी परड्याच्या बाहेरच काढल्या आणि हात जोडून म्हणाला, "चाचा, काल हसलो. चुकलं माजं."

"हसण्यासारखंच हाय त्ये," अल्लाबक्ष म्हणाला. "पर आमच्याकडं एक रीत हाय. झाडाचं काय न्ह्यायचं तर आपल्या रानाची मूठभर माती आनायची."

"आनतो की."

"फळ आलं की आना. आन् पयला घड हितं यील."

"आईची आन," संभाजीराव म्हणाला.

शिडी लावून संभाजीरावाचा गडी वर चढला. म्यानं कोयत्यानं कापून त्यानं एकेक खाली दिली आणि अल्लाबक्षनं ती गादीच्या पट्टेरी कापडात गुंडाळली, रशीदा पिलाला गुंडाळायची तशीच. वरून पीठ सारखं गळत होतं. अल्लाबक्षच्या टोपीवर, दाढीवर, खांद्यांवर पांढरा थर बसला. आयुष्यभर कापूस पिंजून तो रोज असाच घरी यायचा, आणि रशीदा उंबऱ्यातच त्याला थांबवून पदरानं झटकायची. "भूत आलंय बघा," असं पोरांना म्हणायची. त्या दिवशी संध्याकाळच्या मगरीबच्या नमाजपर्यंत त्यानं अंगावरचं पीठ झटकलं नाही. सून दोनदा टॉवेल घेऊन आली आणि सासऱ्याचा चेहरा बघून परत गेली.

मग दिवस जाता जाईनात. ईद झाली, उन्हाळा आला. अल्लाबक्ष फिरोजला रोज विचारायचा, "कळसचं काय?" फिरोज फोन लावायचा आणि संभाजीराव बागेतनं फोटो पाठवायचा. आधी हिरवे मणी, मग बोराएवढी फळं, मग पिवळसर झाक. अल्लाबक्ष फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि बाहेर जाऊन खजुरीच्या बुंध्याशी बसायचा. तिला, म्हणजे त्याला, आता काय म्हणावं हे त्याचं ठरत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, तो आपला "पोरी"च म्हणायचा.

त्या वर्षी मोहरमची दहावी आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. अल्लाबक्षनं दहावीचा रोजा धरला होता. ठमाबाईची एकादशी होती. संध्याकाळी उन्हं कलताना संभाजीरावाची गाडी दारात थांबली. त्याच पट्टेरी कापडात गुंडाळून त्यानं घड आणला होता. कापड सोडलं तर आत पिवळेधमक खजूर, हळदीच्या रंगाचे, गच्च. दुसऱ्या हातात रुमालाला गाठ मारून कळसच्या रानातली काळी माती होती.

अल्लाबक्षनं मातीकडं पाहिलं आणि कोपऱ्यातून कुदळ आणली. "माती आनलीया तर खड्डा पायजे," तो म्हणाला. "न्ह्या त्ये पिलू. तुमाला घरचा गडी लागंल."

"शेवटचं हाय म्हनत होता, चाचा."

"कवाच सुटं झालंय त्ये. मीच सोडत नव्हतो."

त्यानं स्वतः उकरलं, स्वतः पहार लावली, दोन्हीकडं राख फासली. संभाजीरावाला त्यानं हात लावू दिला नाही. पट्टेरी फेटा बांधून पिलू गाडीत गेलं, संभाजीरावानं रुमालातली माती खड्ड्यात सोडली आणि तो निघाला. उरलेल्या खड्ड्यापुढं अल्लाबक्ष ताटलीत खजूर घेऊन बसला. भिंतीवरून त्यानं ठमाबाईला हाक मारली. ती येऊन बुंध्यापाशी बसली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि खजूर एकादशीला चालतो, हे तिनं आल्या आल्या सांगितलं.

अजान झाली. अल्लाबक्षनं पहिला खजूर उचलून तिच्यापुढं धरला. "रशीदाच्या नावानं," तो म्हणाला.

"आधी तुमी. तुमचा रोजा कडक."

"तिनं मला न्हाय सांगितलं खायाला. उपाशी मानसाला द्या म्हनली."

ठमाबाईनं खजूर दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चावताना तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "जरा तुरट लागतोय." तक्रार केल्याशिवाय ती ठमाबाई कसली. पण दुसऱ्या खजुराला हात तिनंच आधी घातला, आणि दोन खजूर पदरात बांधून डोळे पुसत आपल्या घरी गेली.

मग अल्लाबक्षनं एक घेतला. करकरीत, गोड, मागून थोडा तुरट. हजच्या डब्यातला मऊ, काळा खजूर आणि हा, यांत काही साम्य नव्हतं. रशीदाला हा आवडला असता का, हे त्याला सांगता येईना. आणि आता ते कधीच कळणार नव्हतं. तिच्याकडं बघून तोंड वाकडं करावं, तिनं रागवावं, मग दोघांनी हसावं, एवढंसं हवं होतं, आणि त्याच्यासाठी त्यानं उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकलं असतं. फळ संपलं. बी जिभेवर राहिली. थुंकायला म्हणून तो खड्ड्याकडं वाकला आणि तसाच थांबला. बी त्यानं गालात सरकवली.

अंधार पडायला लागला. आतून सुनेनं हाक मारली, "अब्बा, जेवायला चला." थोड्या वेळानं पुन्हा मारली. मग फिरोज दारात येऊन म्हणाला, "अब्बा, ऐकू येत न्हाय का?" ऐकू येत होतं. पण बोलायचं तर बी बाहेर काढावी लागली असती, म्हणून अल्लाबक्ष ओ न देता बसून राहिला.